आडनाव काय म्हणालात?

बँकेच्या अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. म्हणजे अकरा वेळा सामान ट्रकमध्ये चढले, अकरा वेळा पोळपाट कोणत्या खोक्यात गेला यावरून घरात वाद झाला आणि अकरा वेळा मी एखाद्या अनोळखी माणसाच्या ओसरीवर अंग चोरून बसलो आणि विचारले, "घर भाड्याने मिळेल का?" आता निवृत्त होऊन स्वतःच्या घरात राहतो. दारावर माझ्याच नावाची पाटी आहे. पण रात्री स्वप्नात घर दिसते ते भाड्याचेच, आणि त्यातही अनेकदा माळशिरसचे.

घर शोधणाऱ्या बँकवाल्याला एक गोष्ट फार लवकर कळते. काउंटरच्या आत बसून तो ज्यांची पत तपासतो, तीच माणसे काउंटरबाहेर त्याची पत तपासत असतात. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याकडे मी सात-बारा मागे, आठ-अ मागे, सोसायटीचा बेबाक दाखला मागे, दोन जामीनदार मागे. घरमालकांनी माझ्याकडे कधी एकही कागद मागितला नाही. ते नुसते प्रश्न विचारत. आणि त्यांचा निकाल आमच्या रीजनल ऑफिसपेक्षा कितीतरी लवकर लागे.

१९८७ च्या जूनमध्ये मी माळशिरसला रुजू झालो. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा तालुका. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस, जिथे पोचले नाही तिथे कुसळे. तालुक्याचे ठाणे माळशिरस, पण बाजारपेठ अकलूज. त्यामुळे तहसील कचेरी, पंचायत समिती, कोर्ट इथे, आणि या कचेऱ्यांतली बरीचशी नोकरदार मंडळी राहायला वीसेक किलोमीटरवर अकलूजला, असा प्रकार. मला मात्र शाखेच्या गावातच राहायचे होते. मुलगी दोन वर्षांची होती आणि रोजच्या एसटीच्या धक्क्यांची मला धास्ती होती.

शाखेतल्या शिपाईमामांनी पहिल्याच दिवशी मला धडा दिला. "साहेब, हितं घराची जाहिरात नसती. कोण बदलून चाललंय ते बघायचं. माणूस हलायच्या आधी आपण ओसरीवर हजर पायजे." जून हा बदल्यांचा महिना. पंचायत समितीतले एक विस्तार अधिकारी सांगोल्याला निघाले होते. त्यांचे सामान बांधून होत असतानाच मामा मला त्यांच्या घरमालकाकडे घेऊन गेले.

घरमालक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे जुने माळवदाचे घर, पुढे लांबलचक ओसरी, मागे अंगणात आड आणि कडुनिंब, आणि त्या अंगणाच्या कडेने बांधलेल्या पत्र्याच्या चार खोल्या. दोन विस्तार अधिकाऱ्यांकडे होत्या, दोन रिकाम्या. अण्णांनी मला पाणी दिले आणि चौकशी सुरू केली. गाव कोणते? आडनाव काय म्हणालात? म्हणजे तुम्ही आमच्या अमक्यांचे कोण? घरी कोण कोण? मटण-मच्छी? मी एकेक उत्तर देत गेलो. आडनाव सांगितल्यावर त्यांचे खांदे जरा सैल झाले, हे मला तेव्हाही दिसले होते. पंधरा मिनिटांत घर मिळाले. भाडे दोनशे रुपये, लाइटचे पैसे बल्बामागे, पाणी आडाचे.

आमच्या बँकेत तेव्हा अधिकाऱ्याचे घर बँकेनेच लीजवर घ्यायची सोय होती. मी करारनाम्याचा छापील फॉर्म पुढे केला. अण्णांनी तो हातातही घेतला नाही. "कागद नको साहेब. कागद आला की मागनं कोर्ट येतं. तुमी माणूस चांगले, पण बँक काय माणूस हाय? उद्या बँकेनं घर सोडलं नाही तर मी कुणाच्या दारात जायचं?" पुण्यात त्यांच्या मावसभावाचा वाडा होता. त्यातले भाडेकरू महिना अकरा रुपये देत होते आणि वाडा मात्र मालकाच्या पैशाने डागडुजी मागत होता. ही हकिगत अण्णा एखाद्या अपघाताची सांगावी तशी सांगत.

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे' धरले. फाळणीच्या आणि महागाईच्या त्या दिवसांत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी ते आवश्यकच होते. पण दिवस पालटले, गव्हाचा, विटांचा, गवंड्याच्या रोजाचा भाव बदलला आणि भाडे तिथेच राहिले. मग मालकांनी भाडेकरू न म्हणता 'लायसन्सी' म्हणून माणसे ठेवायला सुरुवात केली. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या दिवसापासून घरमालकांच्या मनात जे घर करून बसले ते आजवर निघालेले नाही. खरे तर हा कायदा सरसकट गावोगाव लागू नव्हता, परिशिष्टात नेमून दिलेल्या भागांपुरताच होता. पण भीतीला परिशिष्ट नसते. पुण्याच्या वाड्यातली भीती एसटीत बसून माळशिरसला आलेली होती.

म्हणून अण्णा कागदावर विश्वास ठेवत नसत. ते माणसावर विश्वास ठेवत. ऐकायला हे फार छान वाटते. मलाही वाटले. माणूस ओळखायचे त्यांचे माप कोणते, हे मला तीन महिन्यांनी कळले.

सप्टेंबरमध्ये आमच्या शाखेत नवे कृषी अधिकारी आले. मराठवाड्यातले, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बरोबर पत्नी आणि पाच महिन्यांचा मुलगा. उसाच्या खोडव्याविषयी बोलू लागले की मोठे बागायतदारही खुर्ची पुढे ओढून ऐकत. मी त्यांना म्हणालो, "घराची काळजी करू नका. आमच्या शेजारच्याच दोन खोल्या रिकाम्या आहेत." त्याच संध्याकाळी मी अण्णांकडे विषय काढला. ते खूश झाले. बँकेतलाच माणूस, बायकामुलांचा, आणखी काय हवे! मग त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितले.

अण्णा काही वाईटवाकडे बोलले नाहीत. त्यांनी आडाकडे पाहिले, मग माळवदाकडे पाहिले आणि म्हणाले, "त्याचं असं हाय साहेब, त्या खोल्या लेकीसाठी ठेवल्यात. ती बाळंतपणाला यायचीय." मी "बरं" म्हणालो आणि उठून आमच्या खोलीत आलो.

रात्री बायको म्हणाली, "मग आम्हीही दुसरीकडे बघतो, असं म्हणायचं ना तुम्ही!" मी तिला समजावले की आता जून नाही, मधल्या दिवसांत घर मिळत नाही, मुलगी लहान आहे. सगळी कारणे खरी होती. दुसऱ्या दिवशी मी कृषी अधिकाऱ्यांना सांगितले की खोल्यांचे जमत नाही, अण्णांची मुलगी येणार आहे. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "तुम्ही आडनाव सांगितलंत का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मग ठीक आहे," आणि समोरचे रजिस्टर उघडले. पुढे गावात त्यांनी स्वतः चार ठिकाणी चौकशी केली. एके ठिकाणी आड आटत होता, एके ठिकाणी रंग द्यायचा होता, एके ठिकाणी भाचा शिकायला येणार होता. शेवटी त्यांनी अकलूजला दोन खोल्या घेतल्या आणि राजदूतवरून रोजची ये-जा सुरू केली.

जानेवारीत कारखान्यांचा हंगाम भरात होता. रस्त्यावर अंधारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल कापड. एका रात्री शाखेचा हिशेब जुळवायला उशीर झाला आणि परतताना कृषी अधिकाऱ्यांची राजदूत अशाच एका उभ्या ट्रॉलीवर आदळली. जीव वाचला, पण डाव्या पायाला दीड महिना प्लॅस्टर होते. मी त्यांना बघायला दवाखान्यात गेलो तर तिथे आधीच अण्णा बसलेले. संत्री घेऊन आले होते. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. मला पाहून त्यांनी माझ्यासाठी जागा केली आणि पेशंटला म्हणाले, "इतक्या लांबनं कशाला ये-जा करता हो साहेब? माळशिरसातच एखादं घर बघायचं."

"बघतोय, अण्णा," कृषी अधिकारी म्हणाले आणि त्यांनी एक संत्रे सोलायला घेतले.

त्या क्षणी मी काही बोलायला हवे होते. मी पलंगाखालच्या संत्र्यांच्या पिशवीकडे पाहत बसलो.

एप्रिलमध्ये अण्णांचा पाइपलाइनच्या कर्जाचा अर्ज आला. पाहणी कृषी अधिकाऱ्यांनी करायची होती. लंगडत, काठी टेकत ते विहिरीपर्यंत गेले, पाण्याची पातळी मोजली, ओसरीवर अण्णांनी दिलेला चहा घेतला आणि दोन दिवसांत अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. कर्ज मंजूर करण्याची शिफारस होती. शेऱ्यात लिहिले होते, 'परतफेडीची ऐपत आणि दानत, दोन्ही चांगली.' मला राहवले नाही. मी विचारले, "दानतसुद्धा?" ते म्हणाले, "विहिरीला पाणी आहे. ऊस कारखान्याकडे नोंदलेला आहे. सोसायटी बेबाक आहे. कर्जासाठी मी आणखी काय तपासायचं, साहेब?"

या वाक्यावर मी आजही अडतो. आडनावापलीकडचे, कामाचे तेवढेच पाहायचे, ही शिस्त मला बँकेने शिकवली होती असे मी समजत होतो. ती प्रत्यक्ष पाळताना मी त्यांना पाहिले.

मग १९८८ चा आषाढ आला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड, नातेपुते असे मुक्काम करत एकादशीच्या चार-पाच दिवस आधी माळशिरसला येते. वाटेत सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होते आणि संध्याकाळपर्यंत गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या रात्री माळशिरसमध्ये बंद दार दिसत नाही. अण्णांकडे दरवर्षी ठरलेली दिंडी उतरे. ओसरी भरली, माळवद भरले, अंगण भरले. लेकीसाठी राखून ठेवलेल्या त्या दोन खोल्यांचे कुलूप मी प्रथमच निघालेले पाहिले. लेक काही आली नव्हती. खोल्यांत वाशीम-हिंगोलीकडचे वारकरी दाटीवाटीने निजले होते. काकूंनी दिवसभर चुलीपुढून मान वर केली नव्हती. आणि अण्णा येईल त्याच्या पायांवर डोके ठेवत होते. समोरचाही वाकत होता. वारीची तीच रीत. कोण कोणाच्या पाया पडतो आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी अण्णांच्या तोंडून 'आडनाव काय' हा प्रश्न मी एकदाही ऐकला नाही.

शाखेतर्फे आम्ही रस्त्यावर पाणी वाटत होतो. अण्णांच्या अंगणातली ती गर्दी कृषी अधिकारीही पाहत होते. मी म्हणालो, "बघा, इथे कसं सगळं विसरलं जातं." मला वाटते, मी अण्णांची बाजू मांडत होतो, किंवा माझी. ते पाण्याची बादली खाली ठेवत म्हणाले, "ही मंडळी पहाटे निघून जाणार आहेत, साहेब."

एवढेच बोलले. पण भाड्याच्या घराचे सगळे मर्म त्यात होते. पाहुणा जातो. भाडेकरू राहतो. तो आपल्या आडावर पाणी भरतो, त्याच्या फोडणीचा वास आपल्या घरात येतो, त्याचे मूल आपल्या नातवाच्या ताटात हात घालते. एका रात्रीचे औदार्य अण्णांकडे भरपूर होते. अकरा महिन्यांचा शेजार त्यांना पेलत नव्हता. आणि अण्णांविषयी हे लिहिणे मला सोपे जाते, कारण अण्णांनी निदान नकार तरी दिला. मी तर नकार न देता, काही न करता त्यांच्याच अंगणात तीन वर्षे सुखाने राहिलो.

पुढे केव्हातरी डॉ. आंबेडकरांनी लिहिलेली बडोद्याची आठवण वाचनात आली. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे वाचताना काठ्या घेतलेल्या जमावापेक्षा ते दोन मित्र मला जास्त ओळखीचे वाटले. त्यांची कारणेही बहुधा खरीच असतील.

अण्णांच्या भीतीचा जो भाग कायद्याचा होता, तो पुढे बराचसा निवळला. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे वर्षानुवर्षे गोठवून ठेवणे अन्यायाचे असल्याचे सांगितले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात भाडे दरवर्षी चार टक्के वाढवता येते. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरले जाते. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. भाडेकरूच्या बाजूनेही तरतुदी आहेत. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे आणि त्याला हुसकावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आणि एक गंमत अशी, की बँकांना दिलेल्या जागांना या कायद्याने संरक्षणच ठेवले नाही. "बँक काय माणूस हाय?" हा अण्णांचा प्रश्न विधिमंडळालाही पटला म्हणायचा. वाचकांपैकी जे घर देणारे किंवा घेणारे असतील त्यांना माझे जुन्या सवयीने सांगणे आहे, की घरोबा कितीही असो, करार नोंदवा. कागदाने माणुसकी कमी होत नाही. उलट भांडणाची कारणे आधीच लिहून संपवलेली असली की माणुसकीला जागा मोकळी राहते.

पण भीतीचा दुसरा भाग कोणत्या कायद्यात बसवायचा? राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. घराच्या मागच्या दोन खोल्यांपर्यंत मात्र कायद्याचा हात क्वचितच पोचतो. तिथे अजून आड आटतात आणि भाचे शिकायला येतात. 'फक्त शाकाहारी कुटुंबास' या शब्दांआड काय काय नाकारले जाते, हे घर शोधणाऱ्या मुसलमान जोडप्याला विचारा, बौद्ध विद्यार्थ्याला विचारा, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला विचारा. त्यांना कारणे पाठ असतात.

गेल्या वर्षी माळशिरसला गेलो होतो. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये झाली आणि रस्त्याचे रूप पार पालटले. अण्णा आणि काकू आता नाहीत. ओसरी रुंदीकरणात गेली. मागच्या जागेत नातवाने तीन मजली इमारत बांधली आहे. त्याने मला कौतुकाने मोबाइलवर दाखवले, करार ऑनलाइन होतो, अंगठ्याचे ठसे घेतले की काम झाले, कचेरीत खेटे नाहीत. मी म्हणालो, "तुझे आजोबा तर कागदाला हातसुद्धा लावत नसत." तो हसला. "काका, कागद आता पक्काच लागतो. पण माणसं आपण चांगली बघूनच घेतो."

"चांगली म्हणजे?" मी विचारले.

तो चहा सांगायला उठून गेला.

घरी परतल्यावर मी कृषी अधिकाऱ्यांना फोन केला. वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून निवृत्त होऊन ते छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झाले आहेत. थंडीत डावा पाय अजून दुखतो म्हणाले. इतक्या वर्षांनी मी त्यांना सांगितले, की त्या संध्याकाळी अण्णांपुढे मी बोलायला हवे होते. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "वहिनी बोलल्या होत्या ना तुम्हाला. त्यांनी आमच्या हिला सांगितलं होतं." म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. माझे "बरं"सुद्धा.

विषय बदलावा म्हणून मी त्यांच्या घराविषयी विचारले. वरचा मजला ते भाड्याने देतात. मी विचारले, "माणसं पारखून घेत असाल."

"घेतो ना," ते म्हणाले. "दोनच प्रश्न विचारतो. भाडं पाच तारखेपर्यंत द्याल का, आणि गाड्या किती आहेत. आमच्याकडे पार्किंग एकच आहे."